वेंडेलच्या बंदुकीची बैठक

आपल्या बंदुकीची नळी लाकडाला टेकते, हा शोध वेंडेल ऑस्टबीला रविवारी चर्चमधून आल्या आल्या लागला. टायसुद्धा सोडलेला नव्हता. चर्चमध्ये दानाचं ताट समोरून गेलं तेव्हा तो बंदुकीच्याच विचारात असल्यामुळे एक डॉलरची नोट हातात तशीच राहिली होती. ती त्यानं नळी आणि लाकडी दस्ता यांच्या फटीत सरकवली आणि हळूहळू मागे ओढत नेली. नोट चार बोटं गेली आणि अडली. जरा जोर केला तर नोटेवरचे राष्ट्राध्यक्ष कानापासून फाटले.

"मार्लीस!" वेंडेल स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला. "ऐकलंस का? माझा नेम उत्तम आहे!"

"असेल हो," आतून बायको म्हणाली. "हात धू आणि जेवायला बस. इंग्रिड कधीची थांबलीय, पोरीला भूक लागलीय."

आता नेम उत्तम असल्याची बातमी माणसाला घरात ओरडून का सांगावी लागते, हे समजायचं तर खोपटातल्या भिंतीवरचे तीन तुकडे माहीत हवेत. वेंडेलचे सासरे हार्लन थोरसन म्हणजे पन्नास वर्षं गाईंच्या मागे काढलेला म्हातारा. उत्तरेला जंगलात त्यांचं लाकडी खोपटं आहे. नोव्हेंबरात हरणांची शिकार खुली होते त्या शनिवारी विस्कॉन्सिनमधला अर्धा पुरुषवर्ग भडक नारिंगी कोट घालून जंगलात असतो आणि उरलेला अर्धा आपण का गेलो नाही याची कारणं देत असतो. हार्लनच्या खोपटात आठ जण जमतात. तिथला रिवाज असा, की ज्याची गोळी हुकली त्याला मधोमध उभं करायचं, शर्टाचं मागचं शेपूट पँटीतून बाहेर ओढायचं आणि मेंढ्या कातरायच्या कात्रीनं कापायचं. त्यावर नाव घालायचं, साल घालायचं आणि चुलीच्या वर खिळ्यानं ठोकायचं. वेंडेलचे ओळीनं तीन वर्षांचे तीन तुकडे तिथं होते. एक निळ्या चौकड्यांचा, एक हिरवा आणि एक मार्लीसनं वाढदिवसाला दिलेला.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण गेल्या वर्षी हार्लननं भिंतीवरच्या नियमांत एक कलम वाढवलं. ओळीनं चार तुकडे झाले, की तो गडी पुन्हा मचाणावर चढणार नाही. एप्रन बांधून खोपटात बसेल आणि बाकीच्या सात जणांचे बटाटे सोलेल. कायमचं. कलम कुणासाठी आहे हे न सांगताच सगळ्यांना कळलं. वेंडेलला तर फारच कळलं, कारण तो काउंटीच्या कचेरीत बांधकाम परवान्यांच्या खिडकीवर बसतो आणि एखाद्याच माणसाच्या मापानं कलम कसं शिवतात हे त्याला चांगलं ठाऊक आहे.

सगळ्यात दुखरी गोष्ट म्हणजे बंदूक सासरेबुवांचीच होती. लग्नात त्यांनी ती वेंडेलच्या हातात ठेवली होती आणि पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाले होते, "जावईबापू, या बंदुकीनं आजवर चूक केलेली नाही. आता तुमच्या हाती." आणि खरंच, भिंतीवर गावातल्या निम्म्या लोकांचे तुकडे होते, हार्लनचा एकही नव्हता. तेव्हा बंदूक चुकत नाही, गोळी तर हुकते, मग चुकतं कोण? हे गणित गेली तीन वर्षं वेंडेल मनातल्या मनात सोडवत होता आणि उत्तर त्याला पसंत नव्हतं. पण नळी लाकडाला टेकली की गोळी वाकडी जाते आणि दोष बंदुकीचा ठरतो, म्हणून फाटक्या नोटेचा आनंद.

जेवण होईतो शेजारचा ड्वेन क्रूगर दार न वाजवता आत आला. हा कागद गिरणीतून निवृत्त झालेला. त्याच्या हातात कायम कॉफीचा मग असतो आणि जगातल्या प्रत्येक अडचणीवर त्याच्या मेव्हण्याचा अनुभव असतो.

"लाकूड म्हणजे काय रे, पाणी प्यालं की फुगतं," ड्वेन फाटलेली नोट निरखत म्हणाला. "आणि फुगलं की नळीला कोपर मारतं. माझ्या मेव्हण्याचं हेच झालं होतं. दोन गोष्टी कर. पुढची नळी सगळीकडून मोकळी सोड, कुठंही टेकता कामा नये, एकदम अधांतरी. आणि मागे जिथं लोखंड लाकडात बसतं तिथं राळेचा लेप घालून घे. लेप वाळला की लोखंडाला कशी मांडी घालून बसल्यासारखी बैठक मिळते. मग हलायचं नाव नाही."

"तुझ्या मेव्हण्याचा नेम सुधारला का?"

"त्यानं शिकार सोडली. पण बैठक झकास झाली होती."

गावातला बंदूकवाला जानेवारीपर्यंत मोकळा नव्हता, आणि शिकार तर येत्या शनिवारी खुली होणार होती. वेंडेलला त्याचं काही वाटलं नाही. जो माणूस चाळीस पानी बांधकाम संहिता पाठ म्हणू शकतो, त्याला बारा पानी माहितीपत्रक किती जड? सोमवारी कचेरी सुटल्यावर त्यानं हार्डवेअरच्या दुकानातून लेपाचा खोका आणला, माहितीपत्रक पेन्सिलीनं खुणा करत दोनदा वाचलं आणि एक फाइल उघडली. फाइलवर 'बंदूक: बैठक व नळी मोकळी करणे' असं लिहिलं.

"बाबांना विचारलंस?" मार्लीसनं विचारलं.

"आपल्या बंदुकीत आपण दुरुस्ती करतोय. परवान्याची गरज नाही," वेंडेल म्हणाला. पण आवाज त्यानं खाली आणला होता.

पहिलं काम खोबण घासण्याचं. नळी ज्या पन्हाळीत बसते ती खोबण घासपेपरनं रुंद करायची, आणि घासपेपर गोल कशाला तरी गुंडाळायला हवा. वेंडेलनं गॅरेजभर शोधलं. झाडूचा दांडा जाड, पेन्सिल बारीक. शेवटी स्वयंपाकघरात लाटणं दिसलं. लेफ्सा म्हणजे बटाट्याची पातळ पोळी लाटायचं ते खाचांचं लाटणं, मार्लीसच्या आजीनं नॉर्वेहून बोटीतून आणलेलं. त्याची मूठ खोबणीच्या मापाची! जणू म्हातारीला पुढचं दिसलं होतं.

वेंडेल घासू लागला. नोट सरकेना, आणखी घासलं. नोट सरकली. तेवढ्यात ड्वेन आला आणि म्हणाला, एकेरी नोटेनं काय होतंय, नोट दुहेरी घडी घालून गेली पाहिजे. पुन्हा घासलं. दुहेरी गेली. ड्वेन म्हणाला, मेव्हणा पोस्टकार्ड घालून बघायचा. पुन्हा घासलं. शेवटी नळी आणि लाकडाच्या मधून चीजचा काप आरपार गेला असता, तेव्हा वेंडेल थांबला, आणि थांबला तोही मार्लीस दारात उभी राहिली म्हणून.

"ते काय आहे हातात?"

"फक्त मूठ वापरली," वेंडेल म्हणाला. "लाटायच्या भागाला हात लावलेला नाही."

"माझ्या आजीनं समुद्र ओलांडला तेव्हा हे लाटणं उराशी धरून बसली होती, वेंडेल. आणि तू त्यानं बंदूक घासतोस!" यावर सांगण्यासारखं कुठलंच कलम नव्हतं, म्हणून वेंडेलनं लाटणं धुऊन, पुसून, तेल लावून जागेवर ठेवलं. त्यानंतर आठवडाभर लेफ्साला अक्रोडाच्या लाकडाचा वास येत होता, पण चव वाईट नव्हती, असं त्याचं प्रामाणिक मत पडलं.

मंगळवारी लेप. माहितीपत्रकाच्या सातव्या पानावर ठळक अक्षरांत बजावलं होतं, की लोखंडाला आधी सोबतच्या बाटलीतला निसटता द्रव लावावा, नाहीतर लेप लोखंडाला धरून ठेवील. वेंडेलनं तिथं दोन रेघा मारल्या होत्या. पण ड्वेनला कुठलीही बाटली दिसली की वास घेऊन बघायची सवय. त्यानं झाकण उघडलं, नाकाशी नेली, शिंकला, आणि निसटता द्रव निसटून गॅरेजच्या जमिनीवर गेला.

"असू दे रे," ड्वेन म्हणाला. "काहीही तेलकट चालतं. बुटाचं पॉलिश लाव. मेणबत्ती चोळ."

हार्डवेअरचं दुकान बंद झालेलं. पॉलिश काळं, मेणबत्त्या वाढदिवसाच्या. वेंडेलनं शांतपणे विचार केला. आपण राहतो कुठं? या राज्यात गाई माणसांपेक्षा सुखात आहेत. इथं केक भांड्यातून कशानं सुटतो? बोटात अडकलेली लग्नाची अंगठी कशानं निघते? लोण्यानं! त्यानं जेवणाच्या टेबलावरची लोण्याची बशी उचलली, ती गाईच्या आकाराच्या झाकणाची, आणि दोन बोटांनी सगळ्या लोखंडाला असं घसघशीत लोणी फासलं, की बंदूक पावाला लावून खावीशी वाटली. मग दोन नळकांड्यांतली राळ समसमान कालवली, खोबणीत ओतली, लोखंड वरून बसवलं आणि स्क्रू आवळले. कडेनं लेप कसा शिस्तीत वर आला. वेंडेलनं फाइलमध्ये वेळ नोंदवली, खाली सही केली आणि त्या संध्याकाळी वाटाण्याच्या भाजीला त्यानं एकदाही नावं ठेवली नाहीत.

बुधवारी कचेरीतून येऊन त्यानं स्क्रू काढले. आता लोखंड उचललं की अलगद सुटून यायला हवं. उचललं. लाकूडही बरोबर आलं. हलवलं. दोन्ही हललं. रबरी हातोडीनं ठोकलं. मग ड्वेननं दस्ता धरला, वेंडेलनं नळी धरली, आणि दोघं दोन दिशांना ओढू लागले. बंदूक जागच्या जागी राहिली आणि ड्वेन कॉफीच्या मगासकट हिवाळी टायरांवर जाऊन पडला.

"लोणी कमी पडलं," ड्वेन तिथूनच म्हणाला.

"कमी? अख्खी बशी रिकामी केली! गाईच्या झाकणातली!"

आवाज ऐकून आलेली मार्लीस दारातच थबकली. "कुठल्या झाकणातली?"

"गाईच्या. का?"

मार्लीस जवळच्या बादलीवर बसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "वेंडेल," ती म्हणाली, "ते लोणी नाही. डॉक्टरांनी तुझ्या रक्ताचा रिपोर्ट दिला ना जानेवारीत, तेव्हापासून त्यात मी मार्गारिन भरतेय."

मार्गारिन! वनस्पती तेलाचं खोटं लोणी! इथल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण एकेकाळी या राज्यात पिवळं मार्गारिन विकायलासुद्धा बंदी होती आणि लोक ते शेजारच्या राज्यातून गाडीच्या डिकीत लपवून आणायचे. हार्लन थोरसनच्या सख्ख्या भावानं दोन खोके आणले होते, तर हार्लन त्याच्याशी सहा वर्षं बोलले नव्हते. आणि त्यांच्याच लेकीनं दहा महिने जावयाला ते पावावर लावून खाऊ घातलं होतं.

"तरीच," वेंडेल म्हणाला. "खरं लोणी असतं तर सुटली असती." त्याला मनातून बरंच वाटलं. तीन वर्षं नेम चुकला तो नळीमुळे, आणि आता बंदूक चिकटली ती बायकोमुळे. त्याची स्वतःची बाजू दिवसेंदिवस भक्कम होत चालली होती.

"बाबांना कळता कामा नये," मार्लीस म्हणाली.

"बंदुकीचं की लोण्याचं?"

"दोन्ही. आधी लोण्याचं."

टायरांतून उठलेल्या ड्वेनला लगेच मेव्हणा आठवला. मेव्हण्याची बंदूक अशीच धरून बसली होती, तर त्यानं ती गोठवली. कडक गारठ्यात लोखंड आकसतं आणि लेप सोडतं. घरच्या फ्रीजरमध्ये पुढच्या गुरुवारच्या सणाचा टर्की पसरला होता, वर चाळीस लेफ्सा. बंदूक आडवी मावेना, तिरकी मावेना. एवढा मोठा गारठा गावात एकाच ठिकाणी होता, लेस्टर कुबिअकच्या शीतगृहात. शिकारी मारलेलं हरीण तिथं नेऊन देतात, लेस्टर ते टांगतो, कापतो, सॉसेज करून देतो.

आता अडचण अशी, की लेस्टरनं सॉसेज धुरवायची खोली बांधायला काउंटीकडे तीनदा अर्ज केला होता आणि वेंडेलनं तो तीनदा परत केला होता. पहिल्यांदा शाई निळी होती. दुसऱ्यांदा नकाशावर उत्तर दिशेचा बाण नव्हता. तिसऱ्यांदा सही चौकटीच्या बाहेर गेली होती, फार नाही, शेपटीपुरती.

गुरुवारी दुपारी वेंडेल रिकामी बंदूक चादरीत गुंडाळून लेस्टरच्या काउंटरसमोर उभा राहिला. लेस्टरनं सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि एक छापील कागद पुढे सरकवला.

"भरा, साहेब."

"हे काय?"

"माझ्याकडे चिठ्ठीशिवाय काहीच टांगत नाही. नियम आहे."

नियम म्हटल्यावर वेंडेलनं खिशातलं पेन काढलं. तो वाकला आणि लिहू लागला. मालकाचं नाव, ऑस्टबी, वेंडेल. प्राणी. तो थांबला, मग त्यानं 'रायफल' लिहिलं.

"नर की मादी?" लेस्टरनं विचारलं.

"लेस्टर, यात तिसरा रकाना हवा होता."

"रकाने मी ठरवत नाही, साहेब," लेस्टर म्हणाला. हे वाक्य वेंडेल स्वतः खिडकीतून दिवसातून दहा वेळा म्हणत असे. दुसऱ्याच्या तोंडून ते इतकं कडू लागतं हे त्याला माहीत नव्हतं. "शिंगं आहेत का?"

"नाहीत."

"मग मादी लिहा. वजन?" लेस्टरनं बंदूक काट्यावर ठेवली. "आठ पौंड. लहानच आहे हो. पोट साफ केलंय?"

"गोळ्या काढल्यात."

"किती सॉसेज, किती काप?"

"काहीही कापू नकोस!" वेंडेल किंचाळला, आणि मग टाय नीट करून पुन्हा हळू म्हणाला, "जशी आहे तशी परत हवी."

लेस्टरनं कागद उजेडात धरला, वरून खाली वाचला आणि शांतपणे परत केला. "शाई निळी आहे, साहेब."

वेंडेल गाडीपर्यंत चालत गेला, काळं पेन घेऊन आला आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा लिहिलं. सही चौकटीत बसवली. मान खाली घालून लिहिताना त्याचे कान तापले होते, आणि तरीही लेस्टरची पद्धत निर्दोष आहे हे त्याला मान्य करावं लागलं. दार लागता लागता बंदूक धनुष्यबाणाच्या मोसमात मारलेल्या दोन हरणांच्या मध्ये आकड्यावर टांगलेली दिसली. पायाला चिठ्ठी बांधली होती.

शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा काढून तो मार्लीसला घेऊन पोचला, तर दारात हार्लनचा जुना ट्रक उभा. मार्लीसनं नवऱ्याचा दंड धरला. खोपटावर न्यायची सॉसेज घ्यायला म्हातारा दरवर्षी शुक्रवारीच येतो, हे दोघांच्याही डोक्यातून पार गेलं होतं.

आत हार्लन आकड्यासमोर उभे होते. चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन ते चिठ्ठी वाचत होते. पाऊल वाजलं तसे ते वळले.

"जावईबापू," ते म्हणाले, "ही कुठं मारलीत?"

वेंडेलनं सगळं सांगितलं. नोट सांगितली, नळी सांगितली, लेप सांगितला. लाटण्याचा भाग मार्लीसनं मध्ये घातला. मग त्यांनी बंदूक आकड्यावरून काढून कापायच्या ओंडक्याजवळ आणली, लोखंडाच्या कडेवरून बोट फिरवलं, बोटावर आलेला पिवळा ओशटपणा नाकाशी नेला, आणि त्यांचा चेहराच बदलला.

"हे लोणी नाही."

"बाबा, ते मी... त्याच्या तब्येतीसाठी..." मार्लीस म्हणाली.

"माझ्या पोरीच्या घरात!" हार्लनचा आवाज शीतगृहात घुमला. "अगं, बंदूक मोडली असती तरी मी काही बोललो नसतो! पण गाईच्या झाकणाखाली हे? दहा महिने? लपवून?" आणि त्यांनी बंदुकीचा दस्ता ओंडक्यावर आपटला. "थोरसनांच्या घरात आजवर कुणी काही लपवलेलं नाही!" दुसऱ्यांदा आपटला. "चूक झाली, तर ती भिंतीवर! नावानिशी! चारचौघांसमोर!"

तिसऱ्या तडाख्याला टण्ण असा आवाज झाला. लोखंड दस्त्यातून सुटलं आणि उडून लेस्टरच्या सॉसेजच्या परातीत पडलं. त्याच वेळी दस्त्याच्या बुडाची जुनी रबरी पाटी, गारठून ठिसूळ झालेली, तिचे तीन तुकडे झाले. आतल्या पोकळीतून कापडाची एक गुंडाळी घरंगळत लेस्टरच्या पायाशी आली.

लेस्टरनं ती उचलून उलगडली. लाल-काळ्या चौकड्यांचं जाड कापड, एका बाजूनं कात्रीनं सरळ कापलेलं. त्यावरची शाई फिकट होती, पण वाचता येत होती.

"'हार्लन. एकोणीसशे अठ्ठावन्न,'" लेस्टरनं वाचलं.

हार्लनचे हात तसेच हवेत राहिले. मार्लीसनं तोंडावर हात धरला.

"याची वेगळी चिठ्ठी करावी लागेल," लेस्टर म्हणाला.

हार्लन हळूच एका पालथ्या खोक्यावर बसले. एवढा मोठा माणूस, पण बसल्यावर लहान दिसला. "माझ्या बापानं कापला होता," ते म्हणाले. "साठ पावलांवर उभं होतं हरीण. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी सगळे बाहेर गेल्यावर मी भिंतीवरून काढला आणि यात कोंबला. पुढच्या वर्षी बाप राहिला नाही, मग कुणी विचारलंच नाही. एकदा म्हणालो मी कधी चुकत नाही, की तेच म्हणत राहावं लागतं."

"मग मला देताना तरी काढायचा," वेंडेल म्हणाला.

"कसा काढणार? कुणी बघितलं असतं. आणि तुम्ही इतके नेमके गृहस्थ, तुम्ही बंदुकीला कधी स्क्रूड्रायव्हर लावाल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं."

तीन वर्षांत वेंडेलनं या माणसाला एकदा तरी खाली बघायला लावायचं असं किती वेळा मनात आणलं होतं! आता म्हातारा खरोखरच खाली बघत होता, आणि वेंडेलला त्यात काडीची मजा वाटेना. त्यानं परातीतून लोखंड उचललं, पुसलं आणि उगाच लेपाकडे बघत बसला. बघता बघता त्याचे डोळे मोठे झाले. बैठक आरशासारखी उतरली होती. एक बुडबुडा नाही, एक भेग नाही. त्यानं लोखंड परत बसवलं, स्क्रू आवळले आणि खिशातून नोट काढली. नोट नळीखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत सुळकन गेली.

"काम चोख आहे," लेस्टर म्हणाला. त्यानं बुडाला लाकडाची एक फळी कापून बसवूनही दिली. वेंडेलनं त्याला सोमवारी सकाळी नऊला अर्ज घेऊन खिडकीवर ये म्हणून सांगितलं, आणि बाण विसरू नकोस, असंही सांगितलं.

खोपटावर जाताना वाटेत सासऱ्यांसोबत खडीच्या खाणीत थांबून वेंडेलनं बंदूक तपासली. बंदूक गाडीच्या नाकावर वाळूच्या पिशवीवर टेकवून निशाणाच्या कागदावर तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही भोकांवर एकच नाणं झाकण म्हणून पुरलं. हार्लन कागदाकडे बघत राहिले.

"आता बंदुकीचं नाव घ्यायची सोय राहिली नाही, जावईबापू."

"गरजच पडणार नाही," वेंडेल म्हणाला. इतका आत्मविश्वास त्याला लग्नातही नव्हता.

खोपटात पोचल्यावर हार्लननं सगळ्यांसमोर हातोडी घेतली आणि अठ्ठावन्न सालचा तुकडा चुलीच्या वर ठोकला. सहा जणांनी जो काही गिल्ला केला तो विचारू नका. म्हाताऱ्यानं सगळा ऐकून घेतला आणि बटाटे वाढायला सांगितले.

शनिवारी सकाळी हार्लन आपल्या मचाणाऐवजी वेंडेलच्याच मचाणावर येऊन बसले, गुडघ्यांचं कारण सांगून. आठच्या सुमाराला भूर्जांच्या मधून हरीण आलं. चांगला आठ फाट्यांच्या शिंगांचा नर, ऐंशी पावलांवर, आडवा उभा. वारा नाही. वेंडेलनं बंदूक वर केली, श्वास अर्धा सोडला, आणि नेमकं तेव्हाच त्याला भिंत दिसली, एप्रन दिसला, बटाटे दिसले.

धाड!

भूर्जाची साल उडाली. हरणानं मान वळवून मचाणाकडे बघितलं आणि सावकाश, कुठं जायची घाई नसल्यासारखं, झुडपांत निघून गेलं.

वेंडेलनं तोंड उघडलं. वारा, फांदी, गारठा, बुडाची नवी फळी, सगळं जिभेवर हजर होतं. त्यानं तोंड मिटलं. मग म्हणाला, "बंदूक बरोबर होती. चाप मी हिसडला. मागची तिन्ही वर्षं मीच हिसडत होतो."

"हे मला चोविसाव्या वर्षी बोलता आलं असतं," हार्लन म्हणाले, "तर फार बरं झालं असतं."

वेंडेल पाठमोरा वळला. नारिंगी कोट वर केला आणि शर्टाचं शेपूट स्वतःच बाहेर ओढलं. "कापा. नियम आहे."

म्हाताऱ्यानं खिशातल्या घडीच्या चाकूतली छोटी कात्री उघडली. कर्र कर्र आवाज झाला आणि वेंडेलच्या कमरेला नोव्हेंबरचा वारा लागला. हार्लननं तुकड्यावर नाव घातलं, साल घातलं. काळ्या शाईनं. मग बंदूक मांडीवर आडवी घेतली, लेस्टरची फळी दोन स्क्रू काढून सैल केली, तुकडा गुंडाळला आणि अंगठ्यानं आत ढकलला.

"बाबा, हे नियमात..."

"जागा रिकामी झालीय," हार्लन स्क्रू आवळत म्हणाले. "पन्नास वर्षांनी काढ. इंग्रिडच्या नवऱ्यासमोर." लग्नापासून एवढ्या वर्षांत ते वेंडेलला पहिल्यांदाच 'तू' म्हणाले होते.

दुपारी सगळे चुलीभोवती जमले तेव्हा कुणीतरी विचारलंच, की सकाळी आठला ती गोळी कुणाची? वेंडेल उठणार, तोच हार्लन मधोमध जाऊन उभे राहिले, पाठ फिरवली आणि शर्ट पँटीतून बाहेर ओढला.

"माझी. हुकली. बघताय काय? आणा कात्री!"

क्षणभर कुणाला विश्वासच बसेना. मग असा आरडाओरडा झाला, की छपरावरचा बर्फ खाली आला. कात्री हातोहात फिरत वेंडेलकडेच आली, कारण हा मान जावयाचा, यावर सगळ्यांचं एकमत झालं. त्यानं कापलं. हार्लनचा दुसरा तुकडा भिंतीवर पहिल्याशेजारी गेला. "दोनच झालेत," म्हातारा म्हणाला. "चाराला अवकाश आहे."

चूल रसरसत होती. सगळ्यांनी कोट काढून खुंट्यांना लावले होते, आणि वेंडेल एकटाच गळ्यापर्यंत बटणं लावून घामानं निथळत बसला होता.

"अरे, काढ की तो कोट," कुणीतरी म्हणालं.

"नको," वेंडेल म्हणाला. "पाठीला गार लागतं."

समोर हार्लन पावाला लोणी लावत होते, खरं लोणी, बोटभर जाड. त्यांनी मान वर केली नाही. पण पहिला पाव त्यांनी स्वतः न खाता वेंडेलकडे सरकवला, आणि वेंडेलनं डॉक्टरांची आठवणसुद्धा न काढता तो खाल्ला.